लोअर आर्मच्या बुशला ऑइल पाजू नका
लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, आणि बुश म्हणजे त्याच्या सांध्यातला रबरी तुकडा. आमच्याकडं परभणीत एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: गाडीच्या पुढून कुरकुर येतेय ना, बुशला जळकं ऑइल मारा, आवाज बंद. चार दिवस आवाज बंद होतोही, म्हणूनच हा समज टिकला. पण बुशची वाट तिथंच लागायला सुरुवात होते.

बहुतेक गाड्यांत लोअर आर्मच्या बुशातलं रबर लोखंडी नळीला घट्ट चिकटवलेलं असतं. तिथं काही घासतच नाही. आर्म वर-खाली होताना रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. मग ऑइल कशाला? उलट खनिज तेलानं नैसर्गिक रबर फुगतं, मऊ पडतं. माझ्या जुन्या गाडीतून काढलेला बुश दाबून पाहिला, तर नख आत रुतलं आणि कडेचं रबर नळीपासून सुटलेलं दिसलं.

असा बुश बदलायचाच, आणि दोन्ही बाजूंचे. बसवताना मात्र घाई नको. गाडी जॅकवर अन् चाकं लटकत असताना बोल्ट पक्का आवळू नका. चाकं जमिनीवर टेकून गाडीचं वजन आलं की मगच आवळा. नाहीतर नवं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शेवटी चाकांचं अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवून घ्या.