खात्यात दिसलेली रक्कम म्हणजे मिळालेले पैसे नव्हेत

ग्राहकाने आगाऊ रक्कम दिली की फसवणुकीची भीती संपली, हा स्वतंत्रपणे काम करणाऱ्या डिझायनरांमधला जुना समज चुकीचा आहे. लोगोसाठी ठरलेल्या रकमेहून मोठा धनादेश येतो, पाठोपाठ ‘जादा रक्कम आमच्या छपाईवाल्याला आजच पाठवा’ असा घाईचा निरोप येतो, आणि काही बँका धनादेश प्रत्यक्ष वटण्याआधीच रक्कम खात्यात दाखवत असल्यामुळे डिझायनर निर्धास्तपणे ती पाठवून देतो. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही, धनादेश खोटा ठरतो आणि बँक पूर्ण रक्कम वळती करून घेते. छपाईवाल्याला (तो अर्थातच त्याच टोळीतला) गेलेले पैसे मात्र डिझायनरचे स्वतःचे असतात. खऱ्या ग्राहकाला छपाईचे पैसे थेट देता येतात; त्यासाठी त्याला डिझायनरचे खाते लागत नाही.