दीर्घकालीन मध्यकर्णदाह आणि श्रवणदोष

कानाच्या पडद्यामागील पोकळीत वारंवार जंतुसंसर्ग होऊन पडद्याला भोक पडते आणि कान अधूनमधून वा सतत वाहत राहतो, त्या विकारास दीर्घकालीन मध्यकर्णदाह म्हणतात. बोलीभाषेत याला ‘कान फुटणे’ किंवा ‘कान वाहणे’ म्हणतात. तो सहसा दुखत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो.

निरोगी कानात पडद्याची कंपने हातोडी, ऐरण व रिकीब या तीन हाडांच्या साखळीतून आंतरकर्णातील द्रवापर्यंत पोचतात. पडद्याचे कंप पावणारे क्षेत्र रिकिबीच्या तळाच्या सुमारे १७ पट असते. त्यात हाडांच्या तरफेची भर पडून ध्वनीचा दाब साधारण २२ पट होतो. भोकामुळे ही वाढ घटते. बारीक भोकाने फारसा फरक पडत नाही, मोठ्या भोकाने मात्र श्रवणात ४० डेसिबलपर्यंत घट होते. ऐरणीच्या लांब टोकाला रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने बहुधा तेच आधी झिजते. साखळी तुटली आणि पडदा मात्र शाबूत राहिला, तर घट ६० डेसिबलपर्यंत जाते, कारण आवाजाला आत शिरायला भोकाचीही वाट उरत नाही.

कोलेस्टिॲटोमा हा यातला धोकादायक प्रकार. मध्यकर्णात साचलेला त्वचेचा थर हाड कुरतडत जातो. स्राव थोडा, पण दुर्गंधीयुक्त असतो. कधीकधी हा गोळाच तुटलेल्या साखळीची फट सांधतो आणि रुग्णाला बऱ्यापैकी ऐकू येते. अशा वेळी ‘ऐकू येतंय ना, मग ऑपरेशन कशाला?’ असे म्हणून थांबणे घातक ठरते: चेहऱ्याची नस लुळी पडू शकते, संसर्ग मेंदूपर्यंत जाऊ शकतो. दीर्घकाळच्या दाहातील विषद्रव्ये आंतरकर्णात झिरपली, तर वरच्या पट्टीचे स्वर आधी हरवतात. ही हानी भरून येत नाही.

आंतरकर्ण शाबूत असून फक्त पडदा वा हाडांची साखळी बिघडली असेल, अशा रुग्णाला स्वतःचा आवाज हाडांतून मोठा ऐकू येतो, म्हणून तो हळू बोलतो. लोकलच्या खडखडाटात इतर जण आवाज चढवून बोलतात, तेव्हा त्याला संभाषण चांगले कळते; घरी शांततेत मात्र ‘काय?’ असे पुन्हा विचारावे लागते. मागच्या बाकावरच्या मुलाला ‘ताट’ की ‘थाट’ हे उमगत नाही. शुद्धलेखन चुकते आणि शिक्का बसतो लक्ष नसल्याचा. हा त्या मुलावर अन्याय आहे. शाळेने आधी कान तपासून घ्यावेत.

निदानासाठी ५१२ हर्ट्झचा स्वरकाटा आणि श्रवणआलेख वापरतात. हाडातून नीट ऐकू येते पण हवेतून कमी येते, हे त्यांतून दिसले की दोष वहनाचा, म्हणजे आवाज आंतरकर्णापर्यंत पोचण्याच्या वाटेतला ठरतो. मुंबईत केईएम, नायर व शीव या पालिका रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवणचाचणी करते.

उपचारात कान कोरडा राखणे सर्वांत महत्त्वाचे. लसूण घालून कढवलेले तेल कानात सोडू नये. अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस घालावा, पोहणे बंद ठेवावे. भोक बुजवण्यासाठी कानशिलाच्या स्नायूवरचे आवरण वापरतात, साखळीही पुन्हा जोडता येते. कोलेस्टिॲटोमात आधी रोग समूळ काढावा लागतो. वाहत्या कानात श्रवणयंत्राचा साचा बसवल्यास ओल कोंडते, म्हणून अशांना हाडातून आवाज पोचवणारे यंत्र सोयीचे पडते.