निर्वासित स्त्रिया व मुलांसाठीची हलक्या हालचालींची सत्रे: पार्श्वभूमी

निर्वासित स्त्रिया आणि मुलांसाठी आज जी हलका व्यायाम, श्वसन आणि खेळांची सत्रे चालतात, त्यांचा उगम बहुतेक जण योगाच्या प्रसारात शोधतात. त्यांना आजचे रूप मात्र १९९० च्या दशकातील एका वादाने दिले.

१९८० मध्ये आघातोत्तर ताणविकाराला (भयंकर अनुभवानंतर मागे राहणारा मानसिक विकार, पीटीएसडी) अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात स्थान मिळाले, तेव्हा प्रामुख्याने व्हिएतनाम युद्धातून परतलेले सैनिक डोळ्यांसमोर होते. बॉस्नियातील युद्धात (१९९२-९५) मात्र हेच निदान घेऊन समुपदेशनाचे प्रकल्प विस्थापितांपर्यंत पोहोचले. घर गेलेल्या, नातलग बेपत्ता असलेल्या माणसांना सरसकट रुग्ण ठरवले जात आहे, असा आक्षेप काही मनोविकारतज्ज्ञांनीच घेतला. घटना एकाच बैठकीत सविस्तर सांगायला लावण्याची पद्धतही पुढे निरुपयोगी, क्वचित अपायकारक ठरली. १९९९ मध्ये अल्बेनियात कोसोव्होतील युद्धातून पळून आलेल्या मुलांसाठी खेळाच्या सुरक्षित जागा उभ्या राहिल्या; तिथे प्रवेशासाठी निदान लागत नव्हते.

आपत्तीकाळातील मानसिक आधाराविषयीच्या २००७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी मदतीचे चार थर मांडले: तळाशी सुरक्षितता व मूलभूत सेवा, त्यावर कुटुंब व समुदायाचा आधार, मग प्रशिक्षित पण तज्ज्ञ नसलेल्यांची केंद्रित मदत आणि शिखरावर तज्ज्ञसेवा. हालचालींची सत्रे दुसऱ्या थरात धरायची की तिसऱ्या, हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. पण तिसऱ्या थरात नोंदणी, प्रश्नावली, देखरेख आणि परिणामांचा पुरावा या अपेक्षा येतात, तर दुसऱ्यात दार सर्वांना उघडे राहते आणि तान्हे मूल कडेवर घेऊनही येता येते. दुसऱ्या थराची बाजू अधिक सबळ आहे. आश्रयाचा अर्ज प्रलंबित असलेली स्त्री आपले नाव मानसिक आरोग्याच्या यादीत जाईल या धास्तीनेच मागे फिरू शकते, आणि ‘उपचारा’ला नकार देणारे घर व्यायामाला सहसा हरकत घेत नाही. सत्र घेणाऱ्यांच्या गुणवत्तेवर लक्ष कोण ठेवणार, हा तिसऱ्या थराचा आग्रह धरणाऱ्यांचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.

त्यावरचे अंशतः उत्तर बोस्टनमधील कामातून मिळाले. तिथे दीर्घकालीन ताणविकार असलेल्या ६४ स्त्रियांवर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दहा आठवड्यांच्या योगसत्रांचा लाभ आरोग्यशिक्षणाच्या वर्गापेक्षा अधिक दिसला. या स्त्रिया निर्वासित नव्हत्या, हे उत्साहाच्या भरात विसरले जाते. तरी तिथली शिस्त उपयोगी पडते: डोळे मिटण्याची सक्ती नाही, शिक्षिकेने अंगाला हात लावून आसन सुधारायचे नाही, प्रत्येक हालचाल ऐच्छिक. छावणीत त्यात भर पडते ती दार दिसेल अशा बैठकीची, आणि परक्यांसमोर आडवे पडणे टाळून खुर्चीवरच करायच्या हालचालींची. मुलांना शांत बसवण्याऐवजी चेंडू आणि नकलांचे छोटे खेळ दिले जातात.

युगांडात दक्षिण सुदानच्या ६९४ निर्वासित स्त्रियांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ध्वनिमुद्रित सूचना व सचित्र पुस्तिकेच्या आधारे ताण हाताळायला शिकवणारी पाच गटसत्रे झाली. तीन महिन्यांनी त्यांचा मानसिक त्रास तुलनेच्या गटापेक्षा कमी आढळला. सत्रे घेणाऱ्या स्त्रिया तज्ज्ञ नव्हत्या. २०२२ मध्ये युक्रेनमधून बाहेर पडलेल्यांत सुमारे नव्वद टक्के स्त्रिया व मुले होती आणि ती मुख्यतः शहरांत विखुरली, त्यामुळे छावणीपुरता आखलेला आराखडा तोकडा पडला. २०२५ पासून मदतनिधी आटला असून ‘जीवरक्षक’ कामांना प्राधान्य आहे. या निकषावर उघड्या दाराची सत्रे टिकवणे कठीण असल्याने त्यांना तिसऱ्या थरात नेण्याचा जुना आग्रह पुन्हा बळावू शकतो.