कात्री कुणाच्या हातात?

लग्न झालेल्या बाईलाही नवऱ्याची ओढ असते, हे हिंदी सिनेमानं 1962 सालीच दाखवलं. 'साहिब बीबी और गुलाम'मधली छोटी बहू नवऱ्यानं रात्री हवेलीत थांबावं म्हणून दारूचा पेला तोंडाला लावते. लोकांनी तेवढं पचवलं. घोडागाडीतल्या गाण्यात तिनं हवेलीत राहायला आलेल्या भूतनाथच्या मांडीवर डोकं टेकलं, ते मात्र रुचलं नाही. प्रदर्शनानंतर ते गाणंच काढावं लागलं.

'गाइड'मधली (1965) रोझी नवऱ्याला सोडते, पण मुख्यतः नाचासाठी. शरीराचं थेट बोलणं 2000 साली महेश मांजरेकरांच्या 'अस्तित्व'मध्ये आलं, आणि तेही मराठीतसुद्धा. सतत दौऱ्यावर असणारा नवरा, गाणं शिकवणारे मास्तर, अन् पुष्कळ वर्षांनी मृत्युपत्रातून फुटलेलं गुपित!

मराठवाड्यात हे बायांपर्यंत पोचायचं कसं? जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहायचा तर शेजारी सासू, नणंद, अर्धी गल्ली. (माळेगावच्या यात्रेत लावणीतून बाईची ओढ उघड गायली जाते, पण ऐकायला समोर गडीच.) पुढं भाड्याच्या सीडी आल्या, तरी टीव्ही बैठकीतच. मग बस स्थानकासमोरच्या मोबाईलच्या दुकानात 'कार्ड भरून', म्हणजे फोनच्या मेमरी कार्डात सिनेमे टाकून, मिळू लागलं. कार्ड भरायला जाणार पोरं, निवड त्यांचीच.

खरा बदल इथं झाला. छोटी बहूच्या वेळी तिची जवळीक कापली अन् बाकी सिनेमा ठेवला. कार्डावर जवळीक ठेवली अन् बाकी सिनेमा कापला. 'पार्च्ड' हे त्याचं ढळढळीत उदाहरण. मूल होत नाही म्हणून नवऱ्याचा मार खाणारी लाजो त्यात आहे. सप्टेंबर 2016 मध्ये भारतात प्रदर्शित होण्याआधीच त्यातला प्रसंग फुटला आणि राधिका आपटेच्या नावानं फोनाफोनी फिरला. लाजोचं नाव, तिचा मार, तिचं कारण, काहीच सोबत नव्हतं. त्याच महिन्यात जिओ सुरू झालं; मग ब्लूटूथचीही गरज उरली नाही.

2017 मध्ये सेन्सॉरनं 'लिपस्टिक अंडर माय बुरखा'ला आधी नकार दिला, अपिलात तो सुटला. 2023 च्या कायद्यानं थिएटरात सिनेमा चोरून टिपणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. अख्खा सिनेमा आता कायदेशीरपणे फोनवर मिळतो खरा. पण ज्या घरात स्मार्टफोन एकच, तिथं तो दिवसभर रानात गेलेल्याच्या खिशात असतो, आणि संध्याकाळी पोरांच्या हातात.