काचबिंदू आणि २१ चा आकडा

डोळ्याचा दाब पाऱ्याच्या २१ मिलिमीटरच्या आत असला की काचबिंदू (दृष्टीची नस निकामी करणारा आजार) नाही, हा समज अजूनही पक्का आहे. तो चुकीचा आहे. जपानमधील ताजिमी शहरात २०००-०१ साली झालेल्या पाहणीत, खुल्या कोनाचा प्राथमिक काचबिंदू (डोळ्यातील द्रव निचरण्याची जागा उघडी असूनही होणारा प्रकार) असलेल्यांपैकी सुमारे ९२ टक्के रुग्णांचा दाब या मर्यादेतच होता.

डोळ्याच्या पुढच्या भागातील द्रव (अश्रू नव्हेत) बारीक जाळीतून निचरतो; हा निचरा अडला की दाब वाढतो. काचबिंदूच्या रुग्णांमध्ये या द्रवातील फॉस्फोलिपिड या मेदद्रव्यांचे प्रमाण निराळे आढळले आहे. हा बदल आजाराचे कारण की परिणाम, याचा निर्णय झालेला नाही. तेव्हा मेदद्रव्यांचा संबंध दिसतो म्हणून तूप सोडल्याने काचबिंदू टळतो म्हणणे घाईचे ठरेल. निदानासाठी दाबासोबत दृष्टिचेता (डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस) आणि दृष्टिक्षेत्रही (नजर स्थिर असताना दिसणारा परिसर) तपासावे लागते.