देवीला साडी कुणी नेसवली? पुराणचित्रांची थोडी पार्श्वभूमी

कॅलेंडरवरची लक्ष्मी-सरस्वती इतकी डोळ्यात बसलीय की त्या पहिल्यापासून अशाच साडीत असणार असं वाटतं. गेटवेवरून लाँच पकडून घारापुरीला जा, शिव-पार्वतीच्या अंगावर दागिने भरपूर, कापड जवळजवळ नाहीच, समोर शाळेची ट्रिप उभी, कुणाला काही वाटत नाही. असो, खरा घोळ एकोणिसाव्या शतकातला.

त्रावणकोरचा चित्रकार राजा रविवर्मा पुराणातल्या बायकांना शोभेल असा पेहराव शोधत देशभर फिरला आणि साडीवर येऊन थांबला. यावरून अजून भांडणं होतात, कोणी म्हणतं गोऱ्यांचा सोवळेपणा उचलला, कोणी म्हणतं म्हणून तर देवी घराघरात आली. मला दोन्ही अर्धवट वाटतं, कारण त्याच्या संस्थानात छाती झाकायची की नाही हे बाईची जात ठरवायची, नाडार या खालच्या मानलेल्या जातीच्या बायकांनी त्यासाठी मार खाल्ला, आणि १८५९ च्या जाहीरनाम्याने परवानगी मिळाली तीही वरच्या जातीसारखं पांघरायचं नाही या अटीवर. रविवर्मा तेव्हा अकरा वर्षांचा. त्यामुळे त्याने नेसवलेल्या साडीत लाजेइतकीच पतही बघावी लागते.

बरं, साडी आली म्हणून बघणाऱ्याची नजर थोडीच खाली गेली? त्याचीच झोक्यावरची मोहिनी बघा. पण शकुंतला पायातला काटा काढायच्या निमित्ताने मागे वळते तिथे दुष्यंत चित्रात नाहीच, ओढ दिसते ती तिची.

१८९४ ला मुंबईत त्याचा छापखाना निघाला (नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला) आणि पहिलं छापलं शकुंतलेच्या जन्माचं चित्र. मेनका बाळ पुढे करतेय, विश्वामित्र हातानेच नको म्हणतायत. मोह दोघांचा, पोर एकटीच्या पदरात! (पुढे तीही सोडून जाते, ते वेगळं.) आणि गंमत म्हणजे या छापील देव्यांवर लोक जर, टिकल्या, खरं कापड लावून सजवायचे, म्हणजे साडीवर अजून साडी.

पुढचं सगळं कोर्टातलं. १९५४ ला काळा घोड्याच्या जहांगीर गॅलरीतल्या प्रेमी जोडप्याच्या चित्रांवरून अकबर पदमसींवर खटला, ते सुटले. १९९६ ला सत्तरच्या दशकातल्या सरस्वतीच्या रेखाचित्रावरून एम. एफ. हुसेन यांच्यावर मुंबईत गुन्हा, १९९८ ला त्यांच्या इथल्या घरावर हल्ला. २०२४ ला कस्टम्सने अश्लील म्हणून अडकवलेली सात चित्रं मुंबई हायकोर्टाने सोडायला लावली, ती पौराणिक नव्हती पण वाद तोच. जुन्या दंड संहितेतल्या अश्लीलतेच्या २९२ कलमात देवळातल्या, प्राचीन वास्तूंवरच्या आणि धार्मिक वापराच्या चित्र-शिल्पांना सूट होती, नव्या भारतीय न्याय संहितेतही ती राहिलीय. म्हणून घारापुरी सुटते आणि गॅलरी अडकते.