गजकर्णाला घर विचारा, शिब्यांना वय

पावसाळ्यात मुंबईतल्या कुठल्याही मेडिकलवर ऐकू येतं, ‘फंगल झालंय, क्रीम द्या.’ एकाच्या जांघेत कडा उठलेली, खाजून हैराण करणारी लाल चकती असते. दुसऱ्याच्या पाठीवर फिके ठिपके, खरवडले तर बारीक कोंडा सुटतो. पहिलं गजकर्ण, म्हणजे नायटा. दुसरी शिबं. बुरशी दोन्हीकडे आहे, पण ती कुणाला गाठते याचं गणित निराळं.

गजकर्ण स्पर्शातून, टॉवेल-चादरीतून पसरतं. म्हणून आधी घर पाहावं. दहा बाय बाराची खोली, माणसं सहा, टॉवेल दोन. ऊन न येणाऱ्या घरात पंख्याखाली अर्धवट वाळलेली जीन्स सकाळी तशीच चढवायची आणि लोकलच्या गर्दीत शिरायचं. दिवसभर रेनकोटात घामेजणारा डिलिव्हरीवाला, बूट-पट्टा आवळून उभा वॉचमन, ओल्या परकराच्या नाडीखाली कंबर खाजवणाऱ्या धुण्याभांड्याच्या ताई. मधुमेह असेल तर आणखी भर. घरातल्या एकालाच औषध दिलं, तर दुसऱ्याकडून गजकर्ण परत येतं.

खाडा करून डॉक्टरकडे जाण्यापेक्षा ट्यूब सोपी वाटते. त्यात स्टेरॉइड असलं तर खाज लगेच थांबते आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते. 2018 मध्ये केंद्राने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, पण काउंटरवर ती मागणारे आणि देणारे आहेतच. त्यात सध्याची बुरशीही चिवट. 2020 मध्ये तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए हे नाव मिळालं. टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीनाशक औषधाला ती बऱ्याचदा दाद देत नाही.

शिब्यांची बुरशी, मॅलासेझिया, मात्र बहुतेकांच्या त्वचेवर मुक्कामालाच असते. ती कुणाकडून लागत नाही. तेलग्रंथी जोरात असण्याचं वय, घाम, दमट हवा जुळली की ती माजते; टॉवरमधला कॉलेजकुमारही सुटत नाही. अंगाला तेल चोळलं तर आणखी. तरी घरोघर टॉवेल वेगळा केला जातो आणि लग्नाच्या मुलीला कोड असल्यासारखं लपवलं जातं, हे मला संतापजनक वाटतं. शेजाऱ्याच्या गजकर्णाच्या टर्बिनाफिन गोळ्या इथे कामाच्या नाहीत. डॉक्टर बहुधा किटोकोनाझोलसारखं औषध लावायला देतात. बुरशी गेली तरी रंग परतायला काही महिने लागतात, म्हणून लगेच औषध बदलू नये.

फिका चट्टा बधिर असेल, तर ही दोन्ही नावं विसरून कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.